चावी खिशात आहे, पण खिसा कुठे आहे?

एका चिमट्यात गिऱ्हाइकाची जुनी चावी, शेजारच्या चिमट्यात कोरं पितळी ब्लँक. चावीवाल्याचं मशीन सुरू झालं की एका बाजूची पोलादी जीभ जुन्या चावीच्या खाचांवरून सरकते आणि तिच्याशी जोडलेलं गोल कटर ब्लँकवर तसेच चढउतार कोरत जातं. खाली पितळेचा चुरा पडतो, कडांवरून कानशीचे दोन हात फिरतात, चावी तयार. कोल्हापुरात बाजाराच्या रस्त्याकडेला असे चावीवाले अजूनही बसतात आणि जुन्या मारुती ८०० ची डुप्लिकेट गप्पा मारता मारता काढून देतात. अलीकडची गाडी असेल तर मात्र आधीच बजावतात, "दार उघडंल, पण गाडी चालू व्हायची न्हाई. चिप आहे तिच्यात."

आता चावी फोनमध्येच आली आहे. ह्युंदाईने २०२४ च्या अल्काझारमध्ये आणि २०२५ च्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये ही सोय दिली. दाराच्या मुठीला फोन टेकवला की गाडी उघडते. महागड्या परदेशी गाड्यांत तर फोन खिशातून काढावाही लागत नाही. यावर कट्ट्यावर दोनच मतं ऐकू येतात. एक, "जुनी चावीच बरी". दुसरं, "लई भारी, आता चावी सांभाळायची कटकट गेली". मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण भांडण धातू विरुद्ध फोन असं नाहीच.

चावीला गाडीची खात्री दोन बाबतीत पटवावी लागते: मी तुझीच चावी आहे, आणि मी या क्षणी इथेच आहे. धातूच्या चावीला दुसरी खात्री फुकटात मिळायची. कुलपात घातल्याशिवाय ती फिरतच नाही, मग दूर असण्याचा प्रश्न कुठला? पहिल्या बाबतीत मात्र ती कच्ची होती. समजा चावीला आठ खाचा आहेत आणि प्रत्येक खाच चारपैकी एका खोलीची असू शकते. हिशेबाने ६५,५३६ वेगवेगळ्या चाव्या होतात. प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी वापरता येतात, कारण काही रचना फार नाजूक होतात आणि काही एकमेकींच्या फार जवळ जातात. त्यात कुलूप झिजलं की शेजाऱ्याची चावीही चालून जाते. जुनी गाडी वापरलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

म्हणून १९९० च्या दशकात चावीच्या मुठीत चिप आली. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं आणि चिपला लागणारी वीज त्यातूनच मिळते. गाडी एक आकडा फेकते, दर वेळी नवा. चिप तिच्याजवळच्या गुप्त संख्येने त्यावर गणित करून उत्तर पाठवते. उत्तर जुळलं तरच इंजिनाला इंधन मिळतं. गुप्त संख्या स्वतः कधीच बाहेर येत नाही, त्यामुळे चावीवाल्याचं मशीन इथे हात टेकतं. ही चिप किती कामाची आहे ते अमेरिकेत दिसलं. तिथे २०११ ते २०२१ च्या दरम्यान विकलेल्या किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत ती नव्हती. त्या गाड्या पळवायची युक्ती टिकटॉकवर पसरली आणि पोरंटोरं कुलूप उचकटून आत यूएसबी केबलचं टोक घालून गाड्या पळवू लागली. "जुनी चावीच बरी" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

यानंतर कंपन्यांनी सोयीच्या मागे लागून दुसरी खात्री घालवली.

चावी खिशात ठेवूनच दार उघडायचं आणि बटण दाबून गाडी सुरू करायची, ही पद्धत मर्सिडीजने १९९८ च्या एस-क्लासमध्ये आणली. आज ती आपल्याकडे मधल्या किमतीच्या गाड्यांतही सर्रास मिळते. दाराच्या मुठीला हात लागला की गाडी कमी वारंवारतेची एक हाक देते. ही हाक मुद्दाम क्षीण ठेवलेली असते, जेमतेम दीड-दोन मीटर पोचणारी. चावीने ती ऐकली की ती साधारण ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर उत्तर देते. हे उत्तर बरंच लांब जाऊ शकतं. सगळी भिस्त एका गृहीतकावर: हाक ऐकू आली, म्हणजे चावी जवळच असणार.

चोरांनी हे गृहीतकच मोडलं. ताराबाई पार्कातल्या एखाद्या बंगल्यासमोर गाडी लावली आहे आणि चावी हॉलमध्ये दाराजवळच्या खुंटीवर आहे असं समजा. एक जण यंत्र घेऊन गाडीशी उभा राहतो, दुसरा भिंतीशी. पहिला गाडीची हाक पकडून दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा ती मोठी करून चावीला ऐकवतो, चावीचं उत्तर तसंच परत येतं. गाडीला वाटतं मालक आला. यात एकही संकेत फोडावा लागत नाही, गुप्त संख्या माहीत असावी लागत नाही. निरोप फक्त इकडून तिकडे न्यायचा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून पाहिलं. दहाच्या दहा उघडली आणि सुरूही झाली.

यावर चावी स्टीलच्या डब्यात ठेवा असा सल्ला दिला जातो. तो सरसकट खरा नाही. धातूचं आवरण रेडिओ लहरी बऱ्यापैकी अडवतं, पण कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र पातळ स्टेनलेस स्टीलमधून काही प्रमाणात पार होतं. चावी डब्यात घालून, झाकण लावून गाडीजवळ जा आणि दार ओढून बघा. उघडलं तर डबा परत स्वयंपाकघरात. अलीकडच्या काही चाव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. खुंटीवर काही मिनिटं स्थिर राहिली की अशी चावी झोपी जाते आणि कुणाच्याच हाकेला ओ देत नाही. गाडी घेताना हे विचारून घ्यावं.

फोनच्या चावीकडे आता वळू. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. कंपनीच्या ॲपमधून 'अनलॉक' दाबलं की आज्ञा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथून गाडीतल्या सिमकार्डाकडे. ही चावी नव्हे, हा लांबचा रिमोट. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात रेंज गेली की तो गेला. खऱ्या डिजिटल चावीत गुप्त संख्या फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते आणि तिच्याशी जोडीची उघड संख्या गाडीकडे असते. दोघं थेट बोलतात, मध्ये कुणी नाही. घाटात, तळघरातल्या पार्किंगमध्ये, विमान मोडवर असतानाही ती चालू शकते. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: रेंज नसताना उघडेल का?

पण "इथेच आहे" ही खात्री फोन कशी देतो, ते त्यातल्या रेडिओवर अवलंबून आहे.

सगळ्यात साधा मार्ग एनएफसी, म्हणजे दुकानात कार्ड टेकवून पैसे देतो तेच तंत्र. १३.५६ मेगाहर्ट्झ, पल्ला काही सेंटिमीटर. फोन मुठीला टेकवावाच लागतो. यात थाटमाट कमी, पण फोन खिशात असताना तुमच्या नकळत कुणी गाडी उघडणं फार अवघड. मला हा मार्ग आवडतो.

दुसरा ब्लूटूथ. टेस्लाने २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये तोच वापरला. सिग्नल जोरात येतो आहे की मंद, यावरून गाडी अंतराचा अंदाज बांधते, आणि हा अंदाज फार बेभरवशाचा असतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. फोन मागच्या खिशात ठेवून गाडीसमोर उभे राहिलात तर तोच फोन गाडीला लांब गेल्यासारखा भासतो. उलट चोराने सिग्नल मोठा करून दिला की लांबचा फोन जवळ भासतो. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने मॉडेल ३ वर निरोप पोचवण्याची तीच जुनी युक्ती ब्लूटूथवर यशस्वी करून दाखवली. चावी फोनमध्ये आली, भोक होतं तिथेच राहिलं.

तिसरा मार्ग अल्ट्रा-वाइडबँड, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तोच रंगतदार आहे. विहिरीत दगड टाकून डुबुक आवाज किती वेळाने येतो त्यावरून आपण पाणी किती खोल ते ताडतो. इथेही सिग्नलचा जोर मोजायचा सोडून वेळ मोजतात. प्रकाश आणि रेडिओ लहरी एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातात. फोन दोन मीटरवर असेल तर लहरीला एका बाजूने सात नॅनोसेकंदही लागत नाहीत. एवढा बारीक काळ मोजायचा तर स्पंदनंही तितकीच आखूड हवीत, साधारण दोन नॅनोसेकंदांची. स्पंदन जितकं आखूड, तितका त्याला वारंवारतेचा पट्टा रुंद लागतो. म्हणून यात ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचे पट्टे वापरतात.

मोजणी ऐकायला सोपी आहे. गाडी स्पंदन पाठवते, फोन ठरावीक वेळाने उत्तर देतो, गाडी एकूण वेळातून फोनचा थांबलेला वेळ वजा करते आणि उरलेल्याचं निम्मं घेते. खरी गोची घड्याळांत आहे. फोनमधलं आणि गाडीतलं स्फटिकाचं घड्याळ तंतोतंत एका चालीने चालत नाही. दहा लाखांत वीस एवढाच फरक धरला, आणि फोनने उत्तर द्यायला सेकंदाचा हजारावा भाग घेतला, तर तेवढ्यात २० नॅनोसेकंदांची तफावत पडते. निम्मं केलं तरी अंतरात तीन मीटरची चूक! मग चावी खिशात की रस्त्यापलीकडे, काय कळणार? यावरचा तोडगा सुरेख आहे. पहिल्या उत्तरानंतर गाडी फोनला तिसरा निरोप पाठवते, म्हणजे दोघंही एकेकदा विचारणारे आणि एकेकदा उत्तर देणारे होतात. दोन्हीकडची मापं एकत्र केली की घड्याळांच्या चालीतला फरक जवळजवळ कटून जातो आणि अंतर दहा-वीस सेंटिमीटरच्या आत मिळतं. गाडीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत असे रेडिओ बसवलेले असल्याने फोन बाहेर आहे, आत आहे की सीटवर विसरला आहे, हेही समजतं.

आता बंगल्यासमोरचे ते दोघे काय करतील? निरोप पोचवतीलही, पण पोचवायला वेळ लागणारच, आणि वेळ वाढला की गाडीच्या हिशेबात अंतर वाढतं. सिग्नल कितीही मोठा करा, त्याला प्रकाशापेक्षा वेगाने पळवता येत नाही. पळवाट एकच उरते: खरं उत्तर येण्याआधीच अंदाजाने खोटं उत्तर देणं. ती बुजवण्यासाठी स्पंदनांचा क्रम दर वेळी गुप्त संख्येवरून नव्याने तयार होतो. २०२० च्या आयईईई ८०२.१५.४झेड या मानकात हे आलं, आणि गाड्या व फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्टियमने २०२१ मध्ये डिजिटल चावीच्या तिसऱ्या आवृत्तीत ते घेतलं. तरी गाडी अभेद्य झाली असं नाही. हेडलाइटमागची वायर उचकटून गाडीच्या आतल्या जाळ्यात खोटे संदेश घुसवणारे चोर परदेशात सापडलेत. ते चावीच्या वाटेला जातच नाहीत.

कोल्हापुरी वापराला ही चावी कशी पडेल? चैत्रात जोतिबाला जायला भाच्याने गाडी मागितली तर त्याच्या फोनवर चावी पाठवता येते आणि नंतर काढून घेता येते. गाडी सर्व्हिसिंगला किंवा धुवायला टाकताना मात्र फोन देऊन कसं चालेल? त्यासाठी कंपन्या एनएफसी कार्ड देतात. ते घरी कपाटात न ठेवता पाकिटात ठेवावं, कारण फोनची बॅटरी संपते. काही आयफोन बंद पडल्यावरही पाच तासांपर्यंत एनएफसीपुरती शिल्लक राखतात, पण पाच तास म्हणजे फार नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता आणि गावंच्या गावं विजेविना होती. असं काही झालं तर घरातली चिपची चावीच कामाला येईल. तिच्यातल्या चिपला ना सेल लागतो ना चार्जर.

गाडीचीच बारा व्होल्टची बॅटरी बसली तर फोन, कार्ड, रिमोट सगळे हतबल होतात. इलेक्ट्रिक गाडीतही ही छोटी बॅटरी असतेच. अशा वेळी रिमोटच्या पोटात दडवलेलं धातूचं पातं उपयोगी पडतं. ते कसं काढायचं हे बऱ्याच मालकांना ठाऊक नसतं. तसंच रिमोटचा सेल संपला तर तो थेट स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते, किंवा काही गाड्यांत त्यासाठी ठरलेली जागा असते. ती पुस्तिकेत आजच बघून ठेवा.

जुनी गाडी घेताना तर जास्त जपायला हवं. आतापर्यंत दोन्ही चाव्या हातात पडल्या की व्यवहार झाला असं धरायचे; गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही त्या दोन्ही चाव्या मागते. डिजिटल चावी हातात मोजता येत नाही. आधीच्या मालकाच्या फोनवर, त्याच्या बायकोच्या घड्याळावर, कुठल्या ड्रायव्हरकडे ती अजून असू शकते. नोंदलेल्या चाव्यांची यादी गाडीच्या स्क्रीनवर किंवा मालकाच्या फोनमध्ये दिसते. उरलेले पैसे देण्याआधी ती विकणाऱ्याकडून समोर उघडून घ्यायची, त्यालाच सगळ्या चाव्या काढायला लावायच्या, गाडी त्याच्या खात्यातून मोकळी झाली की आपला फोन जोडायचा, आणि मग त्याच्या फोनने दार उघडतं का हे एकदा करून बघायचं.