उद्देशबोधक उभयान्वयी अव्यये (इंग्रजी)

एखादी गोष्ट कशासाठी केली हे सांगणारे गौण वाक्य मुख्य वाक्याला जोडणारे शब्द. इंग्रजीत 'सो दॅट', 'इन ऑर्डर दॅट' आणि 'लेस्ट' हे त्यांतले प्रमुख. मराठीत हे काम बहुतेक वेळा एकटे 'म्हणून' करते, आणि घोटाळा तिथेच होतो.

'म्हणून' हे 'म्हणणे' या क्रियापदाचे रूप. कन्नडमधले 'अंत' आणि तेलुगूतले 'अनि' हेही त्याच अर्थाच्या धातूंवरून आलेले. दखनीतले 'बोलके' तसेच. सोलापूर शहरात या चारही भाषा नांदतात. त्यामुळे घरी काहीही बोलत असो, इथला विद्यार्थी हेतू सांगताना 'असे म्हणून'च वाक्य बांधतो. इंग्रजीत ही सोय नाही. 'म्हणून' म्हणजे 'देअरफोर' असे घोकलेला मुलगा 'आईला ऊब मिळावी म्हणून चादर घेतली' या वाक्याशी हटकून अडतो.

खरी खूण 'म्हणून'मध्ये नाही, त्याच्या आधीच्या क्रियापदात आहे. 'थंडी पडली म्हणून चादर घेतली' हे कारण. तिथे 'बिकॉज' किंवा नुसते 'सो'. 'मिळावी', 'होऊ नये' अशी रूपे आली की तो हेतू: 'आय बॉट अ चादर सो दॅट माय मदर कुड स्लीप वॉर्म'. आपल्या 'वा-वी-वे'ची जागा इंग्रजीत 'कॅन', 'विल', 'मे' घेतात. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर सहसा 'कुड', 'वुड', 'माइट'.

दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर अव्ययाची गरजच पडत नाही. 'चादर घ्यायला सोलापूरला आलो' यात 'टू बाय' पुरते; 'फॉर बायिंग' नको. 'इन ऑर्डर दॅट' कागदोपत्री थाटाचे, बोलण्यात क्वचितच येते.

'लेस्ट'च्या पोटात नकार आधीच असतो. 'शेंगाचटणी सादळू नये म्हणून डबा घट्ट लावला' याला 'लेस्ट इट गेट डॅम्प' एवढेच. वर 'नॉट' घातले की अर्थ उलटतो. शब्द जुनाट झाला आहे, रोजच्या लेखनात 'सो दॅट इट वुड नॉट' बरे.

'इन केस' या कुळातले वाटते, पण ते आपले 'न जाणो'. 'न जाणो पाऊस आला तर, म्हणून छत्री घेतली' म्हणजे 'इन केस इट रेन्ड'. इथे 'सो दॅट इट वुड नॉट रेन' लिहिले, तर छत्री पाऊसच पडू देत नाही असे होईल. तसली छत्री सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात कोणी फुकटही घेणार नाही.