वारा गार, पण ऊन तेच

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांकडे धावत असतो, तेव्हा मुंबईत तो बहुधा ३३-३४ वर थांबतो. दुपारी खारे वारे सुटले की चौपाटीवरचं ऊन सोसवतंही. म्हणून इथलं ऊन सौम्य, हा समज मला घातक वाटतो. वारा अंगाची काहिली कमी करतो, अतिनील किरण नाही. हे किरण त्वचेला जाणवतच नाहीत. कळतं ते नंतर, कातडी काळवंडल्यावर.

त्यांचं प्रमाण मुख्यतः सूर्याच्या उंचीवर ठरतं. सूर्य कलला की किरणांना ओझोनच्या थरातून लांबची वाट कापावी लागते आणि बरेचसे वाटेतच शोषले जातात. सूर्य माथ्यावर असला की ही वाट सर्वांत छोटी, शिवाय उष्ण कटिबंधात ओझोनचा थर मुळातच विरळ. मुंबईत १५ मे आणि २७ जुलैच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो. एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ११ च्या पुढे जातो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत वरच्या श्रेणीत. जुलैत आभाळ भरलेलं असतं खरं, पण पातळ ढगांतून ९० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात.

मोजायला यंत्र नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली, की ऊन टाळावं. आता गंमत बघा: २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, मुंबईत माध्यान्हीची सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच पडते. म्हणजे इथे बाराही महिने दुपार जपायची. आणि ही माध्यान्ह घड्याळात बाराला नव्हे, वर्षातला बहुतेक काळ साडेबाराच्या पुढे होते, कारण भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या पूर्वेच्या रेखांशावर बेतलेली आहे.

सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बरंच संरक्षण देतं, त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी दिसतो तो त्यामुळेच. पण वांग आणि सुरकुत्या त्यानं टळत नाहीत. डोळ्यांना तर त्वचेच्या रंगाचा काहीच आधार नसतो. होडीवर दिवस काढणारे कोळी बांधव, उघड्यावर मासळी विकणाऱ्या मावशी, चौकातले वाहतूक पोलीस यांना मोतीबिंदूचा धोका म्हणूनच अधिक. छत्री घेतली तरी वाळू आणि लाटांच्या फेसावरून किरण परावर्तित होऊन खालून येतातच. रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा हवाच. गॉगल घेताना मात्र काचेचा काळेपणा बघू नका, 'यूव्ही ४००', म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलंय का ते बघा. नुसत्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि गाळण नसेल तर उलट जास्तच अतिनील किरण आत शिरू शकतात.