योद्धा-जादूगार पात्ररचना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाधारी खेळात शस्त्र आणि मंत्र या दोहोंवर उभे राहणारे एकच पात्र घडवण्याची रीत. अशा पात्राला खेळाडू ‘गिश’ म्हणतात. ही संज्ञा १९८१ साली निघालेल्या ‘फीन्ड फोलिओ’ या विचित्र प्राण्यांच्या वर्णनग्रंथातील गिथयांकी जमातीच्या वर्णनातून आली असून तेथे ती तलवार व मंत्र दोन्ही चालवणाऱ्या गिथयांकींसाठी वापरलेली आहे.

या खेळाचे जनक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ नियमांत लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच क्लास (पात्राचे पेशे) होते. एल्फ या काल्पनिक वंशाच्या पात्राला मात्र एका मोहिमेत लढवय्या आणि दुसरीत जादूगार होण्याची मुभा होती. १९८१ च्या बेसिक नियमांनी एल्फ हाच स्वतंत्र क्लास केला आणि त्याची किंमत उघडपणे लावली: दुसरी लेव्हल (प्रगतीचा टप्पा) गाठायला लढवय्याला २,००० आणि जादूगाराला २,५०० अनुभवगुण पुरत, एल्फला ४,००० लागत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दर लेव्हलला हवा तो क्लास घेता येऊ लागला, पण चिलखत घालून विझर्डचा (पूर्वीच्या जादूगाराचा) मंत्र म्हटल्यास तो फसण्याची शक्यता संपूर्ण पोलादी चिलखतात ३५ टक्के ठेवली गेली. त्या आवृत्तीच्या २००३ मधील सुधारित रूपात फायटरच्या (पूर्वीच्या लढवय्याच्या) २, विझर्डच्या ८ आणि लढाई व मंत्र दोन्ही वाढवणाऱ्या एल्ड्रिच नाइट या क्लासच्या १० लेव्हल घेतल्या की विसाव्या लेव्हलला मूळ हल्लाबोनस (वाराच्या फाशात मिळवायचा आकडा) १६ होऊन फेरीत चार वार मिळत आणि मंत्रशक्ती सतराव्या लेव्हलची होऊन नवव्या, म्हणजे सर्वोच्च, पायरीचे मंत्र हाती येत. ही जुळणी गणित म्हणून देखणी आहे; मात्र चार वारांची फेरी आणि नवव्या पायरीच्या मंत्राची फेरी सहसा वेगवेगळीच असते, हे ती सांगत नाही.

पाचव्या आवृत्तीत (२०१४) हीच अडचण रचनेच्या केंद्रस्थानी येते. पाळी आली की पात्राला हालचालीखेरीज एक ॲक्शन (मुख्य कृती) आणि, तशी क्षमता असेल तर, एक बोनस ॲक्शन (छोटी जादा कृती) मिळते. शिवाय पुढच्या पाळीपर्यंत एक रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला तत्काळ प्रतिसाद) हाताशी असते. ॲक्शन खर्चून फायरबॉल हा अग्निमंत्र टाकला तर त्या पाळीत तलवार म्यानातच राहते. म्हणून योद्धा-जादूगाराची खरी टंचाई बळाची नसून वेळेची असते, आणि त्याचे मंत्र निवडताना किती नुकसान होते यापेक्षा ॲक्शन लागते की नाही हे आधी पाहावे लागते. शील्ड हा मंत्र रिॲक्शनवर चालतो आणि आर्मर क्लास (वार लागण्यासाठी शत्रूने गाठायचा आकडा) ५ ने वाढवतो; मिस्टी स्टेप बोनस ॲक्शनवर ३० फूट दूर नेतो; मेज आर्मर हा संरक्षक मंत्र लढाईपूर्वीच म्हटला की आठ तास टिकतो.

पॅलाडिन (धर्मयोद्धा) हा दैवी मंत्रांचा क्लास असूनही या निकषावर सर्वांत सरस ठरला, कारण २०१४ च्या नियमांत त्याचा डिव्हाइन स्माइट वार लागल्यानंतर, कोणतीही ॲक्शन न खर्चता, पहिल्या पायरीचा एक स्लॉट (मंत्र टाकण्याची ठरावीक संधी) वापरून दोन आठ-पैलू फाशांचे जादा नुकसान करत असे.

रहस्यविद्येच्या, म्हणजे दैवी नसलेल्या जादूच्या, बाजूला प्रमुख वाटा तीन. पहिली एल्ड्रिच नाइटची: या आवृत्तीत फायटर तिसऱ्या लेव्हलला हा सबक्लास (क्लासची उपशाखा) घेतो, त्याचे मंत्र चौथ्या पायरीपलीकडे जात नाहीत, आणि त्याची बुद्धिमत्ता बहुधा बेताची राहत असल्याने ज्यांत हल्ल्याचा फासा किंवा शत्रूचा सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्याचा फासा) लागत नाही असेच मंत्र त्याला शोभतात. दुसरी ब्लेडसिंगरची: हा आधी विझर्ड असतो, बुद्धिमत्ता आर्मर क्लासमध्ये मिळवतो, परंतु हिट पॉइंट (सोसता येणारे नुकसान) विझर्डचेच, म्हणजे थोडे, असल्याने त्याने शत्रूंच्या गर्दीत फार वेळ थांबू नये. तिसरी वाट दोन क्लास मिसळण्याची असून नवखे खेळाडू फसतात ते येथेच. फायटर आणि विझर्ड दोघांनाही पाचवी लेव्हल मोठी देणगी देते, एकाला दुसरा वार आणि दुसऱ्याला तिसऱ्या पायरीचे मंत्र. लेव्हल निम्म्या-निम्म्या वाटणाऱ्याला मात्र दोन्ही हाती यायला दहावी लेव्हल उजाडते, आणि बहुतेक मोहिमांत तोवरचा काळ हाच खरा खेळ असतो. त्यामुळे एक विद्या मुख्य ठरवून दुसरीच्या एक-दोनच लेव्हल घेणे शहाणपणाचे. मिश्रणासाठी बुद्धिमत्ता १३ आणि बळ किंवा चपळाई १३ हवी. पहिली लेव्हल फायटरची घ्यावी, कारण जड चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) सेव्हिंग थ्रोमधील प्रावीण्य सुरुवात फायटरने केली तरच मिळते.

हे प्रावीण्य महत्त्वाचे अशासाठी की हेस्टसारखे (गती वाढवणारे) मंत्र एकाग्रतेवर टिकतात आणि प्रत्येक घावागणिक १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यांपैकी जो आकडा मोठा असेल तो फाशावर गाठावा लागतो, नाहीतर मंत्र तुटतो. दूर उभ्या विझर्डला क्वचित भेडसावणारी ही परीक्षा आघाडीवरच्या जादूगाराला दर पाळीला द्यावी लागते. वॉर कास्टर हे फीट (निवडून घ्यायचे खास कौशल्य) त्या फाशाला ॲडव्हांटेज (दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) देते आणि एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल असतानाही मंत्राच्या हस्तमुद्रा करू देते. हाताची ही अट खेळाडू वारंवार विसरतात, खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने मात्र ती विसरू नये.

२०२० मध्ये ब्लेडसिंगरला दोन वारांपैकी एकाच्या जागी कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा मंत्र) टाकण्याची सोय मिळाली. २०१४ चा एल्ड्रिच नाइट सातव्या लेव्हलपासून ॲक्शनने कॅन्ट्रिप टाकून बोनस ॲक्शनवर एक वार करी. २०२४ च्या नियमांनी त्यालाही ब्लेडसिंगरसारखीच अदलाबदल दिली आणि मंत्र मुख्यतः ठरावीक शाखांतूनच निवडण्याचे बंधन काढून टाकले. त्याच नियमांनी डिव्हाइन स्माइटला बोनस ॲक्शनचा मंत्र केले आणि फायटरच्या ॲक्शन सर्ज या क्षमतेतून मिळणारी जादा ॲक्शन मंत्रासाठी वापरण्यास मनाई केली.