सामायिक डेटा मॉडेल (सहकार्य प्रणालींतील)

एका कामावरील माणसे चॅट, कामांची यादी, कॅलेंडर, हिशेब अशी वेगवेगळी सॉफ्टवेअरे वापरत असली, तरी ती सर्व ज्या समान नोंदींवर चालतात त्या नोंदींची आखणी. नोंद कशाची ठेवायची, नोंदींचे परस्परांशी नाते काय, बदलाचा अधिकार कोणाचा आणि नोंदीची ओळख कशावरून पटवायची, हे तीत ठरते. एडगर कॉड यांचे माहिती कोष्टकांत मांडणारे संबंधात्मक मॉडेल (१९७०) आणि पीटर चेन यांचे वस्तू व त्यांची नाती रेखाटणारे घटक-संबंध मॉडेल (१९७६) हा तिचा पाया होय.

कोष्टके काढणे सोपे. ‘एक नोंद’ कशाला म्हणायचे यावर एकमत होणे अवघड. बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी फाउंड्री (धातू ओतून नग घडवणारा कारखाना) घ्या. तिथे ‘जॉब’ म्हणताना पॅटर्न शॉपच्या डोळ्यांपुढे पॅटर्न (साचा करण्याचा नमुना) असतो, मशीन शॉपच्या डोळ्यांपुढे चकमध्ये (यंत्राच्या पकडीत) धरलेला नग, तर हिशेबनिसापुढे गिऱ्हाइकाची ऑर्डर. सर्वांसाठी ‘जॉब’ असे एकच कोष्टक केले, की रकाने वाढत जातात आणि प्रत्येक ओळीत बहुतेक रिकामे राहतात. ऑर्डर, ड्रॉइंग, हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) आणि नग यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एका हीटमधून अनेक ऑर्डरींचे नग निघतात आणि एका ऑर्डरीचे नग अनेक हीटमध्ये विखुरतात. हे दुहेरी नाते मॉडेलमध्ये असेल, तरच ब्लोहोलची (ओतीव नगात राहिलेल्या वायूच्या पोकळीची) तक्रार आल्यावर त्या नगावरून हीटपर्यंत आणि तिथून भट्टीवरच्या पाळीने चॅटवर टाकलेल्या निरोपापर्यंत पोचता येते.

ओळखीचा प्रश्न सीमाभागात लवकर उघडा पडतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे कारखाना असलेल्या कंपनीचे पॅन एकच, पण जीएसटी क्रमांक दोन. जीएसटी क्रमांकच ओळख म्हणून वापरला, तर एका गिऱ्हाइकाची दोन गिऱ्हाइके होतात आणि उधारीची मर्यादाही नकळत दुप्पट होते. गावाच्या नावावरही विसंबता येत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी असले, तरी जुनी बिले जुन्याच नावाची. कामगाराचे नाव मराठी वळणाने स्वतःचे, वडिलांचे, आडनाव असे लिहिलेले असते, तर दुसऱ्या यादीत आद्याक्षरे आधी. नावाचे तीन सक्तीचे रकाने ठेवणारे मॉडेल म्हणूनच इथे टिकत नाही.

यावर रूढ उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला अर्थहीन, न बदलणारा क्रमांक देणे (१२८ बिटांचा यूयूआयडी हा त्याचा परिचित प्रकार) आणि मराठी, कन्नड, इंग्रजी नावे भाषेच्या खुणेसह त्याला जोडणे. विकिपीडियाचा जोडप्रकल्प असलेला माहितीसाठा विकिडेटा २०१२ पासून याच पद्धतीने चालतो. एका लिपीतील नावावरून दुसऱ्या लिपीतील नाव यंत्राकडून करून घेणे मात्र धोक्याचे. युनिकोडमधील देवनागरी आणि कन्नड तक्ते इस्की या भारतीय लिपींसाठीच्या जुन्या संकेत-मानकाच्या क्रमाने लावलेले असल्याने अक्षरे सहज जुळतात, पण कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे लिहितात. मराठी लेखनात तो भेद नाही.

अर्थहीन ओळखीचे फळ कॅलेंडरांमधील देवाणघेवाणीच्या आयकॅलेंडर (१९९८) या मानकात दिसते. बैठकीचा यूआयडी (ओळखीचा संकेत) कायम राहतो, बदलागणिक फक्त आवृत्तीचा अंक वाढतो. त्यामुळे वेळ बदलली तरी दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरात तीच बैठक सरकते, नवी उगवत नाही.

एकाच वेळी झालेल्या बदलांसाठी ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन (१९८९; एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाशी जुळवून घेणारी) आणि सीआरडीटी (२०११; बदल कोणत्याही क्रमाने आले तरी सर्वांकडे एकच निकाल देणारी) या पद्धती आहेत. खानापूरच्या रानात रेंज नसताना केलेली नोंद नंतर त्यांच्यामुळे बिनबोभाट मिसळते. पण दोघांनी एकच ट्रक दोन ठिकाणी लावला असेल, तर कोणाचा माल आधी जायचा हे कोणतीही मिसळणी सांगत नाही. तो नियम मॉडेलमध्येच लिहावा लागतो. विक्रेते ही बाब सहसा गाळतात.

सगळेच सामायिक करण्याचा मोहही टाळावा लागतो. पगार, आधार क्रमांक, आजारपणाच्या रजेचे कारण हे रकाने समान मॉडेलबाहेर, ज्या त्या विभागाकडेच ठेवतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा (२०२३) झाल्यापासून हा केवळ आखणीचा प्रश्न उरलेला नाही.