रेवाची बॅटरी आणि आंबा घाट

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालं की साखरपा मागे पडल्यावर आंबा घाटाचा चढ लागतो. रेवासारख्या विजेच्या गाडीत बॅटरीचा खरा कस तिथेच लागतो.

बंगळुरूच्या चेतन मैनी यांनी ही दोन दारांची छोटी गाडी 2001 मध्ये बाजारात आणली. मिशिगन विद्यापीठात शिकताना ते सौर गाडी बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चमूत होते. रेवात पुढच्या सीटखाली 6 व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या असत, मिळून 48 व्होल्ट. घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर रात्रभर लावली की सकाळी 80 किलोमीटरची सोय, पण ती सपाटीवर.

माणसांसकट 850 किलोची गाडी 10 टक्के चढावर ताशी 30 किलोमीटरने न्यायला चाकांशी पावणेआठ किलोवॉट लागतात. मोटर आणि तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर यांतली घट धरली तर बॅटरीतून 200 अँपिअरच्या वर करंट ओढला जातो. बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटच्या छिद्रांत आम्ल तेवढ्या वेगाने पोचत नाही, म्हणून व्होल्टेज बसतं. गाडी थोडा वेळ उभी केली की बॅटरीचा काटा पुन्हा वर चढतो. त्यावर भुलू नये. चढ लागला की तो परत खाली येतो.

खाऱ्या वाऱ्याचं काय? बाहेरचे पॅनेल एबीएस प्लास्टिकचे, त्यांना गंज नाही. जपायचे ते टर्मिनल, म्हणजे बॅटरीला तारा जोडतात ती टोकं. तिथे पांढरट-हिरवी पूड साठून जोडाचा रोध नुसता 5 मिलिओहमने वाढला, तरी 200 अँपिअरला त्या एका जोडावर 200 वॉट उष्णता होते. टर्मिनलचं शिसं वितळायला ती पुरते. बॅटरीची झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूड धुवावी, कोरडं करून बोल्ट आवळावा, वर व्हॅसलिन फासावं. बॅटरीत पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर घालावं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं घालावं. विहिरीचं पाणी प्यायला कितीही गोड असो, त्यातलं लोह आणि क्लोराइड बॅटरीचं आयुष्य खातात.

मैनींची पुढची वाटचालही बॅटरीच्याच मागे गेली. 2009 मध्ये लिथियमची रेवा आली, 2010 मध्ये कंपनीतला मोठा हिस्सा महिंद्राकडे गेला. 2017 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत सन मोबिलिटी काढली. तिथे संपलेली बॅटरी काढून भरलेली बसवतात.

लिथियम आलं तरी घाटाचा एक नियम तसाच आहे. कोल्हापूरहून खाली उतरायचं असेल तर घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरू नये. उतारावर मोटर जी वीज परत करते तिला भरलेल्या बॅटरीत जागाच नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.