साखरपुड्याची अंगठी: घरच्या सराफापासून एचयूआयडीपर्यंत

साखरपुड्यातली सोन्याची अंगठी मुळात मुलीची नव्हतीच. जुन्या रीतीत मुलाकडची मंडळी मुलीला साडी द्यायची, ओटी भरायची आणि साखरेचा पुडा हातात ठेवायची. अंगठी मुलीकडून यायची, तीही जावयासाठी. साखरपुड्याला जमलं नाही तर दिवाळसणाला, तेव्हाही राहिलं तर अधिक महिन्यात. मुलीचे दागिने वेगळे: मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी. बोटातलं वळं बघून कुणी बाईचं लग्न ठरलंय की नाही ते ओळखत नव्हतं. वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत चर्चमधल्या लग्नात अंगठ्या होत्याच. बाकीच्या मराठी मुंबईत दोघांनी एकमेकांच्या बोटात अंगठी घालण्याचा कार्यक्रम बराच उशिरा रुळला. आज मात्र तो नसेल तर फोटोवाला विचारतो, मग साखरपुडा कधी?

अंगठीत हिरा आला तो आणखी लांबून. खरं तर अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातूनच, गोवळकोंड्याच्या बाजारातून मिळत होते. पण वाङ्निश्चयाला हिरा देण्याची रीत युरोपातल्या राजघराण्यांची. 1477 साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, तो दाखला नेहमी दिला जातो. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे इतके निघाले की ते दुर्मीळ वाटावेत यासाठी पुरवठा हातात ठेवणं भाग पडलं. 1888 मध्ये स्थापन झालेल्या डी बीअर्स कंपनीने तेच केलं. सहा नख्यांवर एकच हिरा उचलून धरणारी घडण अमेरिकेतल्या टिफनी या पेढीने 1886 मध्ये आणली. हिरा कायमचा असतो, हे डी बीअर्सच्या जाहिरातीतलं वाक्य 1947 सालचं, फ्रान्सेस गेरेटी या जाहिरात लिहिणाऱ्या बाईंचं. मुंबईच्या दुकानात आज ज्याला सॉलिटेअर म्हणतात त्याच्या मागे एवढीच परंपरा आहे. आपल्या आज्या उलट हिऱ्याला बिचकायच्या. तो सगळ्यांना लाभत नाही म्हणून आधी चार दिवस घरात ठेवून बघायच्या आणि मग घ्यायच्या.

सोन्याचं तसं नव्हतं, पण सोन्यात फसवणूक सोपी होती. सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, रेघेवर आम्ल टाकायचा आणि उरलेल्या रंगावरून कस सांगायचा. त्या रेघेतून गिऱ्हाइकाला काय कळणार? म्हणून दुकान बदलायचं नाही, हा नियम. सासरचा सराफ, माहेरचा सराफ अशी विभागणी असायची आणि त्याची चिठ्ठी पिढ्यान्‌पिढ्या कपाटात जपली जायची. मुंबादेवीच्या भोवतीचा झवेरी बाजार हा घाऊक व्यापाराचा गड. त्रिभोवनदास भीमजी झवेरी ही पेढी तिथे 1864 पासून आहे. मराठी कुटुंबांची पावलं जास्त करून गिरगाव आणि दादरकडे वळायची. वामन हरी पेठे यांची पेढी 1909 सालची. सांगलीच्या गाडगिळांची तर 1832 पासूनची. ही नावं जाहिरातीतून नव्हे, मामी-आत्यांच्या शिफारशीतून पसरली. घडवणारा मात्र वेगळाच, माळ्यावरच्या खोलीत वाकून बसलेला, आणि झवेरी बाजारात आज तो बहुधा बंगाली कारागीर. त्याच्या खोलीतला केर आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी हाही याच धंद्याचा भाग. इतकं सोनं घडताना उडतं, म्हणूनच घडणावळीबरोबर घट लावली जाते.

या भरवशाला पहिला मोठा धक्का दिला तो सरकारने. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन आटलं होतं आणि सोन्याची तस्करी जोरात होती. जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं: चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिना नव्याने घडवायचाच नाही. चौदा कॅरेट म्हणजे जेमतेम 58 टक्के सोनं. मंगळसूत्राच्या वाट्यांसाठी कुणी ते घ्यायला तयार नव्हतं. सोनारांच्या हातचं काम गेलं, अनेक घरं देशोधडीला लागली. कॅरेटची मर्यादा 1966 मध्ये उठली, पण 1968 च्या कायद्याने परवाने, नोंदी आणि साठ्यावरची बंधनं कायम ठेवली. सोन्याची हौस काही कमी झाली नाही, माल मागच्या दाराने येत राहिला. दहा तोळ्यांची परदेशी छापाची बिस्किटं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरवणं हा तर एक स्वतंत्र उद्योगच बनला. कायदा रद्द झाला 1990 मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना. माझ्या मते या सत्तावीस वर्षांत नुकसान सोन्यापेक्षा पावतीचं झालं. पक्कं बिल मागणं म्हणजे सराफावर अविश्वास दाखवणं, अशी समजूत तेव्हाच घट्ट झाली असावी, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

ती सैल केली ती यंत्राने. टाटांच्या तनिष्कने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्ष-किरणांनी कस मोजणारं कॅरेटमीटर दुकानात आणलं. बावीस कॅरेट म्हणून घेतलेले घरचे दागिने त्याखाली ठेवल्यावर कितीतरी जणींना कमी आकडा दिसला. 2000 मध्ये भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी हॉलमार्क, म्हणजे तपासलेल्या शुद्धतेचा छाप, सुरू केला. तो ऐच्छिक होता. जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत सक्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कुठल्या केंद्रात तपासला गेला ते दिसतं. शुद्धता छापापेक्षा कमी निघाली, तर जेवढी तूट त्याच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

अंगठीच्या बाबतीत मात्र या व्यवस्थेला एक भोक आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बजेट सांभाळून घेतलेली नाजूक अंगठी नेमकी तिथेच बसते. दुसरं, हिऱ्याची अंगठी बावीस कॅरेटमध्ये सहसा करत नाहीत. इतक्या मऊ सोन्याच्या नख्या खडा धरून ठेवत नाहीत. म्हणून अठरा कॅरेट, म्हणजे 750 चा छाप. 916, म्हणजे बावीस कॅरेटचा छाप, नाही म्हणून सासूबाईंनी नाक मुरडायचं कारण नाही, फक्त दर अठरा कॅरेटचाच लागलाय ना ते बघायचं. जुन्या जडावाच्या दागिन्यात खड्याचं वजन सोन्यात धरलं जाण्याची तक्रार घराघरांत ऐकलेली असते. आज बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहायलाच हवं.

हिऱ्याची भाषा तर अमेरिकेतल्या जीआयए या 1931 साली स्थापन झालेल्या संस्थेने घडवलेली: कट, रंग, स्वच्छता, कॅरेट. इथे कॅरेट म्हणजे वजन, 0.2 ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. मुंबईत घाऊक हिऱ्याचा धंदा आधी ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीभोवती होता. 2010 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार सुरू झाल्यावर मोठे व्यापारी तिकडे गेले. साध्या गिऱ्हाइकाचा तिथे काही संबंध येत नाही, दादरच्या काउंटरवर त्याच्या हातात पडतो तो प्रयोगशाळेचा कागद.

आणि इथे घरच्या सराफाचा जुना हिशेब चालत नाही. सोन्याची मोड होते. त्या दिवसाच्या दराने, घट वजा जाता पैसे हातात येतात. हिऱ्याला असा रोजचा दर नाही, परत घेताना दुकान आपल्या नियमाने किंमत लावतं. त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे आले. कृत्रिम हिरा जनरल इलेक्ट्रिकने 1954 मध्येच बनवला होता. आता सुरतेत ते मोठ्या प्रमाणावर तयार होतात, भिंगाखाली नैसर्गिक हिऱ्यापासून वेगळे ओळखू येत नाहीत आणि गेल्या काही वर्षांत त्यांचे भाव कोसळले आहेत. हौसेला उत्तमच, तीस सेंटच्या नैसर्गिक हिऱ्याच्या पैशांत मोठा खडा येतो. पण तो परत घेणार का, घेतला तर बिलाच्या किती टक्क्यांनी, आणि बदलून दुसरा दागिना घेतला तर किती, हे त्याच दुकानाच्या शिक्क्यानिशी बिलाच्या मागे लिहून घ्यावं. तोंडी उत्तर देणारा सराफ कितीही जुना असला तरी.