नवं वर्ष निवडलं, तरी पट्टी जुन्याच वर्षाची का येते?

आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अडत पेढ्यांसाठी, आणि विशेषतः त्यात स्वतःची पानं जोडणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामरसाठी

हळदीचे सौदे जोरात असतात आणि त्यातच १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदलतं. मग सांगलीच्या मार्केट यार्डातून तोच फोन पुन्हा पुन्हा येतो: "मुख्य पानावर नवं वर्ष निवडलं, पण पट्टीवर जुनंच येतंय." (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला दिलेला हिशेब.) दुसरी तक्रार बारमाही आहे: "लॉगआऊट केलं, तरी वर दिवाणजींचंच नाव दिसतंय." दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. जोडलेल्या पानात कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) लिहिताना पाथ (ती साइटच्या कोणत्या पत्त्यांना लागू, ते) दिलेला नसतो.

पाथ दिला नाही, तर ज्या पत्त्यावरून कुकी लिहिली त्याचं फोल्डर ब्राउझर पाथ म्हणून धरतो. '/पट्टी/नवी' या पानावरून लिहिलेली 'वर्ष' ही कुकी '/पट्टी' पुरतीच राहते. आमची त्याच नावाची कुकी '/' वर, म्हणजे सगळ्या साइटला लागू असते. ब्राउझर कुकी ओळखतो ती नाव, डोमेन (साइटचं नाव) आणि पाथ या तिन्हींवरून. त्यामुळे एक कुकी दुसरीवर लिहिली जात नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. पट्टीचं पान उघडताना दोन्ही सर्व्हरकडे जातात, लांब पाथची आधी. पीएचपी (सर्व्हरवर पानं तयार करणारी प्रोग्रामिंगची भाषा) त्यातली पहिली उचलतं, आणि नेमकी तीच जुनी असते. सर्व्हरला हा घोळ ओळखताही येत नाही, कारण ब्राउझर फक्त नाव आणि व्हॅल्यू पाठवतो. पाथ, डोमेन, मुदत यातलं काहीच परत येत नाही.

टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, त्यालाही कारण आहे. तीच ओळ नुसत्या '/पट्टी' या पत्त्यावरून चालवली, तर पाथ '/' धरला जातो आणि सगळं नीट दिसतं.

कुकी पुसायची वेगळी आज्ञा नाही. त्याच नावाची, त्याच पाथची, त्याच डोमेनची कुकी मॅक्स-एज ० (म्हणजे शून्य मुदत) देऊन पुन्हा पाठवायची, एवढंच. पाथ चुकला तर एरर येत नाही, आणि कुकी जागची हलत नाही. लॉगआऊटनंतरही दिवाणजींचं नाव राहतं ते यामुळेच. लिहिताना डोमेन दिलं नसेल तर पुसतानाही देऊ नका. डोमेन दिलेली आणि न दिलेली या दोन वेगळ्या कुकी असतात.

तपासायला पट्टीचंच पान उघडा, एफ१२ दाबा, क्रोममध्ये 'ॲप्लिकेशन' किंवा फायरफॉक्समध्ये 'स्टोरेज' मध्ये कुकीज पाहा. एकाच नावाच्या दोन ओळी आणि पाथच्या रकान्यात फरक दिसला, की दुखणं सापडलं. मुख्य पानावरून पाहिलं तर दुसरी ओळ दिसेलच असं नाही.

दुरुस्ती करताना कुकी लिहिणारं एकच फंक्शन ठेवा आणि त्यात पाथ '/' कायमचा घाला. पीएचपीत हे काम पानाचा मजकूर बाहेर पडण्याआधी व्हायला हवं. फायलीच्या वरची एखादी रिकामी ओळसुद्धा नडते. पण एवढ्यावर थांबू नका. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी कुकी बसलेलीच असते, म्हणून '/पट्टी' पाथची कुकी पुसणारी ओळही टाका. मूळ मुदत वर्षाची असेल तर ती ओळ वर्षभर राहू द्या. (क्रोम तसंही ४०० दिवसांपुढची मुदत मानत नाही.)

"हिस्टरी साफ करा" असं आम्ही फोनवर सांगत नाही, म्हणून काहीजण नाराज होतात. त्याने तो एक कॉम्प्युटर तेवढ्यापुरता सुधारतो, पुढची पट्टी केली की तीच कुकी पुन्हा तयार होते, आणि बाकीच्या साइटची लॉगिनही जातात ती वेगळीच.

लॉगिनची कुकी जावास्क्रिप्टला वाचू द्या, अशीही मागणी येते. ती आम्ही मान्य करत नाही. त्या कुकीला एचटीटीपी-ओन्ली लावलेलं आहे, म्हणजे पानात बाहेरची स्क्रिप्ट घुसली तरी तिला ती वाचता येत नाही. युजरचं नाव किंवा अधिकार हवे असतील तर सर्व्हरकडून मागवा. त्याची सोय दिलेली आहे. मग वर दाखवायचं नाव साठवणारी 'नाव' ही कुकी ठेवायची गरजच उरत नाही, आणि दिवाणजींच्या नावाची तक्रारही.

देखभाल करार असलेल्या पेढ्यांच्या नव्या पानांची कुकी-तपासणी आम्ही करारातच करून देतो. इतरांना तासावर आकारणी आहे. कोड फेब्रुवारीत पाठवा. मार्चअखेरीला आलेला कोड एप्रिलच्या फोनांच्या रांगेत अडकतो.